आशाताईंनी आता गावठी कट्टेही शोधायचे का?

निवृत्त परिचारिका
शिकागोत आरोग्य कार्यकर्त्यांनी गोळीबार आटोक्यात आणला, तेव्हा कोल्हापुरातही प्रत्येक आशाताईने आपल्या वस्तीत कोणाकडे कट्टा आहे याची नोंद ठेवावी, असे काल येथे शाहूपुरीकर यांनी लिहिले. शिकागोच्या वेस्ट गारफील्ड पार्कमध्ये २००० साली डॉ. गॅरी स्लटकिन यांनी सुरू केलेल्या कामाचा याहून विपरीत अर्थ काढता येणार नाही. सोमालियात कॉलरा आणि क्षयाशी झुंजलेल्या या साथरोगतज्ज्ञाचे म्हणणे असे की, एका गोळीबाराच्या सुडातून दुसरा उपजतो, म्हणून जखमी माणसाच्या मित्रांपर्यंत ताबडतोब पोहोचले पाहिजे. पोहोचणारे कार्यकर्ते त्याच गल्लीत वाढलेले, पुष्कळदा तुरुंग भोगून आलेले असत, आणि ते पोलिसांना नावे पुरवत नसत, म्हणूनच त्यांना दार उघडे असे. ज्या दिवशी आशाताई कट्ट्याची नोंद करील, त्या दिवसापासून बाळाच्या लसीसाठीही तिला कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

शाहूपुरीकर
‘नोंद’ हा शब्द चुकला, हे मान्य. आपल्याला रात्रभर झोप लागली नसल्यास क्षमस्व. परंतु कोणत्या घरातला मुलगा कोणावर डूख धरून आहे हे आशाताईला पोलीस ठाण्याच्या आधी कळते, हे आपण नाकारू शकता काय?

जुना तालीमवाला
हे काम आमच्याकडे वस्ताद करीत. माझ्या थोरल्या भावाचे डोके फुटले त्या रात्री मी कोयता घेऊन निघालो होतो. वस्ताद येऊन आमच्या सोप्यात पहाटेपर्यंत बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत आणि मला उंबरा ओलांडता आला नाही. त्यासाठी शिकागोचा डॉक्टर लागला नव्हता, आणि वस्तादांनी मानधनही मागितले नव्हते.

आशाताईचे घरधनी
मानधन न मागण्याचे हे कौतुक आता पुरे झाले. २००५ पासून आशांना स्वयंसेविका म्हणायचे आणि कामाच्या नगावर मोबदला द्यायचा, ही सोय कोणाची? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तेव्हा आमच्या घरी दोन महिन्यांचे पैसे थकलेले होते. माझी पत्नी रात्री दोन वाजता बाळंतिणीबरोबर रिक्षाने गेली, त्या रिक्षाचे भाडे आम्ही दिले. बाल्टिमोरमध्ये २०२१ साली भांडणे मिटवणारा असाच एक कार्यकर्ता गोळ्या लागून मेला. येथे तसे झाले तर तिच्या मुलांना वस्तादांची आठवण सांगायची का?

जुना तालीमवाला
वस्तादांना मध्ये ओढू नका. मी आशाताईंविरुद्ध एक अक्षरही लिहिलेले नाही.

कायद्याचा विद्यार्थी
मोबदल्याच्या वादात मूळ प्रश्न हरवला आहे. बेकायदा कट्टे मध्य प्रदेशातील बडवानीसारख्या भागांतून येतात. ती साखळी तोडणे हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली पोलिसांचे काम आहे, थर्मामीटर घेऊन फिरणाऱ्या बाईचे नव्हे. शिवाय शिकागोच्या पद्धतीचे निष्कर्षही सर्वत्र सारखे नाहीत. बाल्टिमोरमध्येच काही वस्त्यांत हिंसा घटली, काहींत नाही.

निवृत्त परिचारिका
पोलिसांचे काम पोलिसांनीच करावे, येथे आपले एकमत आहे. मात्र अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, हे या चर्चेत कोणीच मांडले नाही. तेथे आरोग्य कार्यकर्ता घरातली बंदूक कुलुपात आहे का, एवढेच विचारतो, कारण निराशेचा तो एक तास टळला तर माणूस पुष्कळदा वाचतो. आपल्याकडे बंदुकीच्या जागी उसाच्या रानातल्या खोपीत तणनाशकाचा डबा असतो. माझ्या वॉर्डात तो पिऊन आलेला एक तरुण चौथ्या दिवशी गेला, आणि शेवटपर्यंत ‘मला वाचवा’ म्हणत होता. त्या डब्याला कुलूप लावायला सांगणे हे मात्र आशाताईचे काम ठरू शकते.

शाहूपुरीकर
म्हणजे शेवटी काम आशाताईकडेच आले. माझे म्हणणे दुसऱ्या दाराने मान्य केल्याबद्दल आभारी आहे.

आशाताईचे घरधनी
ती विचारील, न सांगताही पुष्कळ घरांत विचारतेच. फक्त त्या प्रश्नाचा रकाना कोणत्या फॉर्मात आहे आणि त्याचे किती रुपये, हे आधी लिहून द्या.