शब्दचर्चा: 'सौम्य शिक्षा' म्हणावं की 'अपुरी शिक्षा'?

हरभऱ्याची सोंगणी आटोपून काल काका ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. बातमी विलायतेतली. बेकायदा पिस्तुलं पुरवण्याच्या कटात दोषी ठरलेल्यांच्या 'सौम्य शिक्षेविरुद्ध' अपील. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सौम्य म्हंजे कसं बे? जज चांगला होता म्हन्ते का थो?"

हसू आलं, पण प्रश्न चुकीचा नाही. सौम्य असतो स्वभाव, सौम्य असतं ऊन. शब्दात थोडं कौतुकच आहे. तिकडचा मूळ शब्दप्रयोग 'अनड्युली लेनियंट', म्हणजे वाजवीपेक्षा जास्त नरमाई. त्यातला ठपका 'सौम्य'मध्ये गळून पडतो. मग काय लिहावं?

यवतमाळहून, वकील: आमच्याकडे रूढ शब्द 'अपुरी शिक्षा'. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 377, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 418. शिक्षा अपुरी आहे म्हणून अपील करायचं ते सरकारने. तिकडे गंभीर गुन्ह्यांत कोणीही ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराकडे, फेरविचाराची मागणी करू शकतो, फक्त शिक्षा झाल्यापासून 28 दिवसांच्या आत. इथे फिर्यादीलाही तेवढ्या कारणावरून अपील करता येत नाही. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय.

मी: 'अपुरी' बरा, कारण तो स्वभाव सांगत नाही, माप सांगतो. शस्त्र अधिनियमाचं कलम 25 पाहा. विनापरवाना शस्त्र बनवणं, विकणं याला आधी किमान 3 आणि कमाल 7 वर्षं होती. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7, कमाल जन्मठेप. काल जी सगळ्यात मोठी शिक्षा होती ती आज सगळ्यात लहान. जुन्या मापाने सात वर्षं भरपूर, नव्या मापाने जेमतेम.

मूर्तिजापूरहून: वकीलसाहेब, एक गंमत सांगू? अपुरी, पुरवठा आणि पुरावा, तिन्ही 'पुरणे'च्या घरातले. पुरतं ते पुरं, पुरवायचा तो पुरवठा, आणि जो म्हणणं पुरं करतो तो पुरावा. पुरणपोळीतलं पुरणही त्याच भावकीतलं, आणि शेतात खड्डा करून पुरतात तेही. म्हणजे गावठी कट्टा धुऱ्यावर पुरला, पुरावा अपुरा पडला, पुरवठा करणाराला शिक्षा अपुरी झाली. एका धातूत अख्खा खटला!

दर्यापूरहून: 'पुरवठा' मात्र खेड्यात जपून वापरा. आमच्या इथे पुरवठा म्हणजे तहसीलमधला पुरवठा विभाग. 'पुरवठ्याच्या कटात अटक' वाचून चावडीवरचे म्हणाले, रेशनचे तांदूळ गेले वाटते पुन्हा. 'शस्त्र पुरवण्याच्या' असं क्रियापद ठेवलं तर घोळ होत नाही. 'कट'ला 'संगनमत' नको, ते ढिलं आहे. कटात आधी ठरवाठरवी लागते. पिस्तुलाला हातही न लावलेला माणूस त्यात अडकतो.

मी: वकीलसाहेब, शिक्षा वाढवायच्या अपिलात आरोपीला काही बोलता येतं का?

यवतमाळहून, वकील: येतं ना. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय वाढवताच येत नाही. उलट तो तिथेच निर्दोष सोडा किंवा शिक्षा कमी करा, असंही मागू शकतो. म्हणून सरकारी वकील नागपूर खंडपीठाची पायरी चढायच्या आधी निकालपत्र दोनदा वाचतो. 'सौम्य' या शब्दावर तिथे कोणी थांबत नाही; किमान शिक्षा किती होती, दिली किती, कमी दिली तर कारण लिहिलं का, एवढंच.

मी: काकांना सगळं वाचून दाखवलं. 'अपुरी'ही त्यांना पुस्तकी वाटला. "मंग सरळ लिही ना, सजा पुरली नाई म्हनून." पेपरच्या मथळ्यात 'सजा' चालेल का, ते आता तुम्ही सांगा. आमच्याकडे 'शिक्षा' म्हटलं की आधी मास्तर आठवतो.