दहा ओळींचा प्रोग्रामही जीडीबीत सुरू होत नाही

प्रश्न

तीन संध्याकाळी यातच गेल्या, म्हणून विचारतोय. सीमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम आहे: इनपुटमधून आकडे वाचायचे, बेरीज करायची, छापायची. टर्मिनलवर नीट चालतो. जीडीबी या डीबगरमध्ये (प्रोग्राम मध्येच थांबवून तपासायचं साधन) उघडून मेन या मुख्य फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) टाकला आणि ‘रन’ दिलं की एवढंच येतं: ‘ड्युरिंग स्टार्टअप प्रोग्राम एक्झिटेड विथ कोड १’. बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमधून इथवर आलो ती यादी) मागितला तर ‘नो स्टॅक’.

सगळं काढून मेनमध्ये नुसतं ‘रिटर्न ०’ ठेवलं, तरी तेच. माझा प्रोग्राम शून्य परत करतो, मग हा १ कुठून येतो? याच मशीनवर दुसऱ्या युजरने लॉगिन करून तीच फाइल डीबग केली तर मेनवर व्यवस्थित थांबते. जीडीबी काढून पुन्हा टाकून झालं. लिनक्स आहे, शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) झेडशेल.

उत्तर १

कंपाइल करताना डीबग माहितीसाठी ‘-जी’ दिलंय का? आणि ऑप्टिमायझेशनचं ‘-ओ२’ असेल तर काढून ‘-ओ०’ करून बघा. जीसीसी कंपाइलरच्या आवृत्ती ११ पासून (२०२१) डीबग माहिती डिफॉल्टने ड्वार्फ ५ या फॉरमॅटमध्ये लिहिली जाते, जुन्या जीडीबीला ती नीट वाचता येत नाही. ‘-जीड्वार्फ-४’ देऊन पाहा.

प्रश्नकर्ता

‘-जी -ओ०’ पहिल्यापासून आहे. ड्वार्फ ४ आत्ता करून पाहिलं, फरक नाही.

उत्तर २

डीबग माहितीचा हा प्रश्न नाही. ती नसती तर ओळी आणि व्हेरिएबल दिसले नसते, प्रोग्राम तरी सुरू झाला असता. इथे तो सुरूच झालेला नाही. ‘ड्युरिंग स्टार्टअप’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

लिनक्सवर जीडीबी तुमचा प्रोग्राम थेट चालवत नाही. आधी ‘शेल’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जो शेल असेल तो ‘-सी’ देऊन उठवतो आणि त्या शेलला ‘एक्झेक’ करून, म्हणजे स्वतःच्या जागी, प्रोग्राम सुरू करायला सांगतो. त्या शेलनेच वाटेत मान टाकली, तर तुमच्या कोडची पाळी येतच नाही. तो १ त्या शेलचा आहे. दुसऱ्या युजरकडे चालतं तेही त्यामुळेच: त्याच्या होम फोल्डरमधल्या फाइली वेगळ्या.

‘शेल=/बिन/एसएच’ पुढे लावून जीडीबी उघडा. चाललं तर होम फोल्डरमधली झेडशेलची ‘.झेडएसएचएन्व्ह’ फाइल तपासा. झेडशेल ही फाइल प्रत्येक वेळी वाचतो, स्क्रिप्टसाठीसुद्धा, ‘.झेडएसएचआरसी’ फक्त इंटरॅक्टिव्ह (समोर बसून कमांड टाइप करतो तसा) असताना. आणि एक सांगा, व्हिम एडिटरमध्ये ‘:!एलएस’ (बाहेरची कमांड) चालतं का?

प्रश्नकर्ता

/बिन/एसएच लावल्यावर पहिल्याच फटक्यात मेनवर थांबला! आणि व्हिमचं तुम्ही कसं ओळखलंत? तिथे कित्येक दिवस ‘शेल रिटर्न्ड १’ येतंय. मी ते व्हिमचं दुखणं समजून सोडून दिलं होतं.

फाइल उघडली. बॅशवरून झेडशेलवर येताना मी जुन्या ‘.बॅशआरसी’तल्या ओळी तिथे आणल्या होत्या. त्यातली एक: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर पुढचं काही करू नये. पण मूळच्या ‘रिटर्न’च्या जागी मी ‘एक्झिट १’ लिहिलंय, म्हणजे फाइल वाचणं थांबण्याऐवजी शेलच १ देऊन बंद होतो. टर्मिनल इंटरॅक्टिव्ह, म्हणून तिथे कधी कळलंच नाही.

‘सेट स्टार्टअप-विथ-शेल ऑफ’ (शेलशिवाय प्रोग्राम सुरू करायचा) असाही जीडीबीचा पर्याय वाचला. तो कायमचा ठेवला तर?

उत्तर २

व्हिमही बाहेरच्या कमांडसाठी त्याच व्हेरिएबलमधला शेल वापरतो, म्हणून विचारलं. तो पर्याय निदानासाठी उत्तम, पण कायमचा नको. शेल मध्ये नसला की ‘रन < आकडे.टीएक्सटी’ हे रीडायरेक्शन (कीबोर्डऐवजी फाइलमधून इनपुट देणं) होत नाही, ‘<’ आणि फाइलचं नाव दोन्ही साधे आर्ग्युमेंट म्हणून मेनकडे जातात. तुमचा प्रोग्राम इनपुट वाचतो, म्हणजे तो कीबोर्डची वाट बघत बसेल. ‘एक्झिट १’चं ‘रिटर्न’ करा, एवढंच पुरे.

उत्तर ३

कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात) काम करणाऱ्यांसाठी: तिथे ‘अ‍ॅड्रेस स्पेस रँडमायझेशन’ (प्रोग्रामचे मेमरीतले पत्ते दर वेळी बदलणं) बंद करता आलं नाही अशी वॉर्निंग येत असेल, तर कारण वेगळं आहे. कंटेनरच्या सुरक्षा नियमांनी त्यासाठीचा सिस्टिम कॉल (लिनक्सच्या गाभ्याला केलेली विनंती) अडवलेला असतो. शेलच्या फाइली उकरत बसू नका.

प्रश्नकर्ता

‘रिटर्न’ केलं. /बिन/एसएच न लावता जीडीबी उघडला, आकड्यांची फाइल रीडायरेक्ट केली, मेनवर थांबला, ‘नेक्स्ट’ देत लूपमध्ये बेरीज वाढताना पाहिली. व्हिमचंही सुटलं. उत्तर २ लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार.