पैगंबर, रसूल आणि अब्द

प्रश्न : 'पैगंबर'मध्ये 'अंबर' आहे का? आकाशातून आलेला, असा अर्थ? आणि नबी, रसूल, प्रेषित हे सगळे एकच का?

'अंबर'चा इथे काही संबंध नाही. शब्द फारसी आहे, फोड 'पैगाम + बर'. पैगाम म्हणजे निरोप आणि 'बर' म्हणजे वाहून आणणारा; आपल्या संस्कृत 'भृ' धातूचाच हा भाऊबंद. तेव्हा पैगंबर म्हणजे साधासरळ निरोप्या.

कुरआन अरबी असल्यामुळे त्यात हा शब्द सापडत नाही. तिथे आहेत नबी आणि रसूल. 'नबा' म्हणजे मोठी खबर (७८व्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नावच 'अन-नबा' आहे), आणि ती खबर सांगतो तो नबी. रसूल 'र-स-ल' या मुळापासून, म्हणजे पाठवलेला. म्हणून 'प्रेषित' हा मराठी शब्द रसूलला नेमका बसतो. मराठी बायबलातही यशया 'संदेष्टा' आहे आणि पौल 'प्रेषित'. जवळपास तीच जोडी. बहुतेक आलिम, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात, प्रत्येक रसूल नबी असतो, पण प्रत्येक नबी रसूल नसतो.

याच 'र-स-ल'मधून आपला 'इरसाल' आला. सरकारी खजिन्यात पाठवलेली रक्कम म्हणजे इरसाल. आज तो शब्द 'इरसाल कार्ट्या'पुरता उरलाय, पण मुळात त्यात 'पाठवणं'च आहे.

शब्दांवर प्रेम करणाऱ्यांनी सूरा १४, आयत (म्हणजे वचन) ४ जरूर वाचावी. आशय असा, की प्रत्येक रसूल आम्ही त्याच्या लोकांच्याच भाषेत बोलणारा पाठवला, म्हणजे त्याला त्यांना नीट उलगडून सांगता यावं. मला ही आयत फार जवळची वाटते. निरोप कितीही थोर असो, ऐकणाऱ्याच्या बोलीत आला नाही तर पोचलाच नाही.

प्रश्न : माणसाची निर्मिती 'इबादत'साठी झाली, असं वाचलं. भाषांतरात 'पूजा' दिलंय. देवाला पूजा करून घ्यायची गरज का पडावी?

शंका रास्त आहे, पण ती 'पूजा' या शब्दाने उभी केली आहे. आयत सूरा ५१ची, ५६वी : जिन्न (डोळ्यांना न दिसणारे जीव) आणि माणूस यांना मी माझ्या इबादतीसाठीच निर्माण केलं. लगेच ५७व्या आयतीत तुमचं उत्तर आहे : मला त्यांच्याकडून रोजी नको, त्यांनी मला खाऊ घालावं असंही नको. पूजा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फुलं, नैवेद्य, आरती येते. इथे नैवेद्याची गरजच नाकारली आहे.

इबादतचं मूळ 'अ-ब-द', आणि अब्द म्हणजे दास. हरिदास, रामदास तसा अब्दुल्ला, अल्लाचा दास. अरबीत येण्याजाण्याने मळलेल्या वाटेला याच मुळावरून 'मुअब्बद' म्हणतात. खडे दबलेले, चढउतार सपाट झालेले, पायाला न बोचणारी वाट! स्वतःला असं मळू देणं ही इबादत. त्यात नमाज आहे, रोजा आहे, आणि अल्लासाठी म्हणून केलेला खरा व्यवहार, हलाल कमाईही आहे. म्हणून मी 'पूजा' टाळते. नवविधा भक्तीतलं 'दास्य' मला सगळ्यांत जवळचं वाटतं. फारसीने अब्दसाठी 'बंदा' घेतला, त्यावरून बंदगी; हा आपल्या 'बंध'चा नातेवाईक.

प्रश्न : मग पैगंबरांना 'अवतार' म्हटलं तर चालेल का?

नाही, तिथे अर्थच उलटतो. अवतारात देव खाली उतरतो. पैगंबर माणूसच असतात. सूरा १८च्या शेवटच्या आयतीत मुहम्मद पैगंबरांना सांगायला लावलं आहे, की मी तुमच्यासारखाच माणूस आहे, माझ्याकडे वही येते इतकंच. (ही 'वही' लिहायची नव्हे, ईश्वरी संदेश.) त्यांचं काम शुभवार्ता देणं आणि सावध करणं; बशीर आणि नझीर ही नावं त्यातलीच.

माझे आजोबा म्हातारपणी खुर्चीवर बसून नमाज पढत. अत्तहियातमध्ये, म्हणजे नमाजीत बसून म्हणायच्या पाठात, अल्ला एकच असल्याच्या ग्वाहीच्या जागी उजव्या हाताची तर्जनी उचलत, ती थोडी थरथरायची. पुढचे शब्द 'अब्दुहू व रसूलुहू', त्याचा दास आणि त्याचा रसूल. मी लहानपणी विचारलं होतं, रसूल मोठा ना, मग तो आधी का नाही? ते म्हणाले, "बाय, आधी बंदा व्हावं लागतं. मग निरोप मिळतो."