बाळंतिणीची खोली, आढ्याची कडी आणि सटीची रात्र: जाणकारांनी सांगावं

डिचोलीची सून

गेल्या आठवड्यात माझं फुलां माळप, म्हणजे डोहाळजेवण, झालं. सातवा महिना, पहिलटकरीण. माहेर सावंतवाडीचं, पण आई नाही, म्हणून बाळंतपण इथं सासरीच. इस्पितळात नाव घातलंय, तपासण्या वेळच्या वेळी होताहेत. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे, आणि थोडा या घराचाही.

घर जुनं, मातीच्या भिंतींचं. न्हाणीला लागून एक काळोखी खोली आहे. तिला एकच झरोका, तोही तळहाताएवढा. आता तिथं नारळ आणि जुनी भांडी ठेवतो. आजेसासूंची पाचही बाळंतपणं त्या खोलीत झाली. त्या आज अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या सासूबाई त्याच खोलीत चौथ्या खेपेला गेल्या. मूल जगलं, आई गेली. ‘वार पडली, पण रगत थांबलंच नाही’ एवढंच घरात सांगतात. ते मूल म्हणजे आजेसासूंचे धाकटे दीर. ते गेल्या वर्षीपर्यंत होते आणि दर वर्षी चतुर्थीला आले की त्या खोलीच्या दारात क्षणभर थांबायचे. मी स्वतः पाहिलंय.

खोलीच्या आढ्याला मधोमध एक लोखंडी कडी आहे. कशाची, ते आजेसासूंना विचारलं तर त्या हसतात आणि ‘ती आमची देवी’ म्हणून विषय संपवतात.

सासूबाईंना सटीची, म्हणजे मूल जन्मल्यावरची सहावी रात्र जागवायची आहे. उशाशी कोयती, पाटावर कोरा कागद आणि लेखणी, रात्रभर दिवा. नवरा म्हणतो, ही अंधश्रद्धा आहे, घरात नको. मला दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नाही, पण खरंच कळत नाही की सहावीच रात्र का? शिवाय शेगडी, धुरी, चाळीस दिवस पाणी कमी, पहिलं दूध पिळून टाकायचं, हेही सगळं यादीत आहे. यातलं काय ठेवू आणि काय सोडू?

पेडण्याचा मास्तर

वैद्यकीय भाग जाणकार सांगतील. सटीचा इतिहास थोडा माझ्याकडून.

ही चाल फक्त हिंदू घरांपुरती राहिली नव्हती. गोव्यात 1736 साली इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयानं, जे फर्मान काढलं, त्यात जन्म, लग्न आणि मरणाच्या कितीतरी देशी रीतींवर बंदी घातली, आणि सहाव्या रात्रीचं जागरण त्यात होतं. धर्म बदलून पिढ्या लोटलेल्या घरांतही बाया ती रात्र जागवत होत्या, म्हणून तर बंदी घालावी लागली. देव बदलला, जेवण बदललं, पण तान्ह्या मुलाच्या उशाशी सहाव्या रात्री बसून राहणं त्या बायांना सोडवलं नाही. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारायला माझं मन घेत नाही.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलांना पदवीचं कौतुक वाटतं. मला ते दहा दिवस आठवत राहतात.

सत्तरीची नर्सबाय

बाय, तुझा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही. मी सत्तरी तालुक्यात 31 वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स, होते. सहावीच रात्र का, हे मला एका घरानं शिकवलं. ते आधी सांगते.

1983 चा पाऊस. म्हादई नदीच्या पलीकडचा वाडा, सांकव म्हणजे छोटा पूल ओलांडून जायचं. पाणी चढल्यामुळे चार दिवस मला जाता आलं नाही. पोचले तेव्हा मूल सात दिवसांचं होतं. आदल्या रात्री सट जागवून झाली होती, पाटावरची फुलं अजून तशीच होती. मूल सकाळपासून थानाला लागत नव्हतं. मी बोट तोंडाशी नेलं, तर जबडा घट्ट. दार वाजलं की तेवढ्या आवाजानं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. नाळ कापली होती भात कापायच्या कोयत्यानं, आणि वर चुलीतली राख लावली होती. धनुर्वात. डोलीत घालून निघालो, पण सांकवापर्यंतच मूल तगलं. आजी म्हणाली, ‘सटीन भुरगें व्हेलें.’ सटीनं मूल नेलं. मी तिला काही बोलले नाही.

घरी येऊन मात्र विचार करत बसले. धनुर्वाताचे जंतू नाळेतून शिरले की साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात आजार दिसतो, आणि पुष्कळदा सहाव्या-सातव्या-आठव्या दिवशीच. बाळंतिणीचा ताप वर येतो तोही पहिल्या आठवड्यातच. म्हणजे मरण कधी येतं, हे आमच्या बायांना अचूक ठाऊक होतं. कुठून येतं, ते ठाऊक नव्हतं. त्या दाराकडे बघत जागत होत्या आणि ते आलं होतं कोयत्यावरून. मास्तर, तुम्ही म्हणता ते मला पटतं, पण ते जागरण आठवलं की मला आधी तो जबडाच आठवतो.

त्याच वाड्यावर एक वैजीण, म्हणजे सुईण, होती. तिला आम्ही दाईंच्या प्रशिक्षणाला बोलावलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, आणि तिनं तोवर अर्ध्याहून जास्त गाव जन्माला घातलेलं. मला वाटायचं हिला मी काय शिकवणार! स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणं, एवढंच शिकवायचं होतं. तिनं एकदा ऐकलं आणि माझ्यासमोर कमरेची पिशवी उलटी केली. त्यातली राखेची पुडी काढून चुलीत टाकली. पुढे मी कधीही गेले की ती आधी हात पुढे करायची, ‘पयलीं नाखटां पळय.’ आधी नखं बघ. तिच्या हातून त्यानंतर एकही मूल धनुर्वातानं गेलं नाही. गरोदर बाईला इंजेक्शन आणि नाळेला नवं पातं, एवढ्या दोन गोष्टींनी हे मरण हटलं. 2015 साली आपला देश बाळबाळंतिणीच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, त्या दिवशी ती म्हातारी हवी होती असं फार वाटलं.

आता तुझी कडी. पाळण्याची असती तर आजेसासूंनी सरळ पाळण्याची म्हटलं असतं. ती बहुतेक दोरीची. कळा येऊ लागल्या की बाई ती दोरी दोन्ही हातांनी धरून उकिडवी बसायची, मागून एक जण कंबर धरायची, वैजीण पुढे. उभं किंवा उकिडवं बसलं की मूल खाली सरकायला वजनाची मदत होते. आम्ही इस्पितळात टेबलावर उताणं झोपवायला लागलो ते आमच्या सोयीसाठी. त्यात बाईची सोय फारशी नव्हती. तू कळांच्या वेळी चालायला, बसायला मिळेल का ते आधीच विचारून ठेव.

पण त्या खोलीत वैजिणीकडे एका गोष्टीला उत्तर नव्हतं, आणि तीच तुमच्या घरात घडली. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटल्यावर पिशवी मुठीसारखी आवळली तरच ते थांबतं. आवळली नाही तर दोन तासांच्या आत बाई हातातून जाते. आज मूल बाहेर आल्याबरोबर मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, ते यासाठीच. हा पदार्थ प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनला 1953 साली. तुझ्या पणजेसासूंना तो मिळण्यासारखा नव्हता. त्यांची काही चूक नव्हती, वैजिणीचीही नव्हती. दारात थांबणाऱ्या त्या दिरांना हे कुणी समजावून सांगायला हवं होतं.

म्हणून इस्पितळ सोडायचं नाही, हे पक्कं. बाकी तुझी यादी: पहिलं दूध, तो पिवळट चीक, एक थेंबही टाकायचा नाही. पहिल्या तासात मूल छातीशी. त्यानंच पिशवीही आवळते. पाणी तहानेपेक्षा जास्त, कमी नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी अजिबात नको, तो धूर तान्ह्याच्या छातीत जातो. शेकायचंच तर गरम पाण्याची पिशवी घे, तीही स्वतःला, मुलाला नाही. मेथ्यांची पेज, हळीव, अंगाला तेल आणि चाळीस दिवस कामाला हात न लावणं, हे सगळं आनंदानं घे. पिशवी जागेवर यायला सहा आठवडे लागतात. आपल्या बायांनी चाळीस दिवस धरले ते उगीच नाही.

बांबोळीचा विद्यार्थी

नर्सकाकी, तुमची ती ‘नाखटां पळय’ वाचली आणि सुश्रुत आठवला. त्याच्या संहितेतल्या शारीरस्थान या भागात तो सांगतो की बाळंतिणीपाशी चार बाया असाव्यात, वयानं पिकलेल्या, बाळंतपणात तरबेज आणि ‘कर्तितनखाः’, म्हणजे नखं कापलेल्या. हे आपल्याकडे इतकं जुनं आहे आणि तरी मधल्या काळात कोयता नि राख राहिली.

आणि हे फक्त खेड्यातलं अज्ञान होतं असं कुणी समजू नये. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात 1846 साली बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. डॉक्टर नि विद्यार्थ्यांच्या वॉर्डात शंभरातल्या अकरा बाया तापानं मरत होत्या, सुईणींच्या वॉर्डात तीनहून कमी. बाया पहिल्या वॉर्डात नेऊ नका म्हणून गयावया करायच्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं शोधलं की आपणच शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतो. 1847 मध्ये त्यानं चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू दोन टक्क्यांच्या आसपास आले. वरिष्ठांना ते मान्य झालं नाही, आपले हात मरण वाहतात हे ऐकून घेणं त्यांना जमलं नाही. तुमच्या वैजिणीनं मात्र एका दिवसात राख चुलीत टाकली. मी हे उद्या आमच्या इस्पितळातल्या युनिटमध्ये सांगणार आहे.

ताई, आणखी एक. गोव्यात आता घरी बाळंतपण जवळजवळ होतच नाही, पण सिझेरियनचं प्रमाण दहात चारच्या आसपास गेलंय. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतं, तेव्हा घाबरू नका. पण ‘का करायचं’ हे विचारायला संकोचही करू नका.

डिचोलीची सून

काकी, तुमचं उत्तर मी आजेसासूंना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोरीचा भाग आला तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले, मुठी वळल्या आणि तशाच थोडा वेळ बसल्या. मग म्हणाल्या, काथ्याची दोरी होती, वर जुनं लुगडं गुंडाळायचो, हात सोलू नयेत म्हणून.

नवरा शिडी लावून वर चढला. कडीच्या खालच्या बाजूला लोखंड झिजून निम्मं झालंय.

सासूबाईंनी शेगडी सोडायचं कबूल केलंय. सट मात्र जागवायचीच, असं त्यांनी सांगितलं, आणि आता नवराही काही बोलत नाही. कोयती उशाशी ठेवली तर चालेल का?

सत्तरीची नर्सबाय

उशाशी नको गो बाय, तान्हं मूल आहे. पाटावर ठेव, दिव्याजवळ. आणि त्या रात्री जागी असशीलच, तर दोनदा मुलाची नाळ बघ. कोरडी असावी, लाल नसावी, वास नसावा. मूल थानाला नीट लागतंय ना ते बघ. काही वेगळं वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा.