मागचा ड्रम निघत नसेल तर
हँडब्रेक सोडूनही मागच्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम (ब्रेकचे भाग झाकणारे गोल भांडे) निघत नसल्यास तो हातोड्याने ठोकावा, हा सल्ला मला पटत नाही, कारण बिडाचा ड्रम चुकीच्या घावाने तडकू शकतो. मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांच्या ड्रमवर आटे असलेली दोन भोके असतात (गंज आणि चिखलाने बुजल्यामुळे ती सहसा नजरेतून सुटतात); त्यांत ८ मिमीचे बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेल्यास ड्रम हबवरून (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावरून) सरळ बाहेर येतो. तरीही अडकलाच, तर आतल्या झिजेमुळे कडेला उभी राहिलेली धार लायनरना (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यांना) अडवत असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी हँडब्रेकची केबल ढिली करून पाहावी. हँडब्रेक सोडलेला असल्याने पुढच्या चाकांना दगड लावलेले हवेतच.

दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत; स्प्रिंगांची मांडणी दुसऱ्या बाजूला पाहता येते, मात्र ती तिथे आरशातल्यासारखी उलट असते.