‘ट्वँग’ला ‘जवारी’ म्हणावं का?

प्रश्न : फेंडरची टेलिकास्टर आणि गिब्सनची लेस पॉल या दोन इलेक्ट्रिक गिटारींच्या नादाबद्दल मराठीत लिहायला घेतलंय. ट्वँग, सस्टेन, हम, वॉर्म यांना आपले शब्द आहेत का? ‘ट्वँग’साठी ‘जवारी’ चालेल?

उत्तर : जवारी नको. तानपुऱ्याच्या किंवा सतारीच्या घोडीचा माथा किंचित बाकदार असतो, कंप पावणारी तार त्याला घासत राहते आणि झणकार लांबतो; ती जवारी. टेलीचं, म्हणजे टेलिकास्टरचं, तसं नाही. तिचा मागचा पिकअप (तारेचा कंप विजेच्या संदेशात बदलणारा भाग) घोडीला लागून, पोलादी पट्टीत तिरका बसवलेला असतो. तिथे तारेचे वरचे उपस्वर ठळक मिळतात, म्हणून पहिला ठोका कानावर लख्ख येतो. याला मी ‘टणत्कार’ म्हणेन. शब्द धनुष्याचा असला तरी ताणलेली दोरी ओढून सोडण्याची क्रिया तीच. ‘टेलीचा टणत्कार ड्रम्स-बेसच्या गर्दीतही वेगळा कळतो’ असं बेलाशक लिहा.

‘सस्टेन’साठी नवा शब्द घडवूच नका. तार छेडल्यावर मागे रेंगाळणाऱ्या नादाला सतार-सरोदवाले ‘आस’ म्हणतात. ‘लेस पॉलची आस लांब’ हे वाक्य मला फार आवडतं.

‘हम’ला काही जण ‘गुंजन’ म्हणतात, ते पटत नाही. गुंजन हवंहवंसं असतं. सिंगल कॉइल, म्हणजे तारेचं एकच वेटोळं असलेला, पिकअप आसपासच्या विजेतून जी उचलतो ती भुणभुण. १९५७पासून लेस पॉलला हम्बकर पिकअप आले; त्यांतल्या दोन कॉइली एकमेकींच्या उलट जोडलेल्या असल्यामुळे ती कटते.

दुसरं उत्तर : टणत्कार आणि आस, दोन्ही मान्य. ‘वॉर्म’ला ‘उबदार’ लिहू नका, गाण्याबद्दल बोलताना आपण आवाजाची ‘गोलाई’ म्हणतो, तीच इथे बसते. ‘भरदार’ही चालेल. ‘घुमारा’ मात्र जपून वापरा, त्याला पोकळी लागते. जुनी लेस पॉल भरीव महोगनीची, वर मेपलचा थर. घुमारा म्हणायचाच तर गिब्सनच्याच १९५८च्या ईएस-३३५ या गिटारीला म्हणा, तिच्या दोन्ही बाजू पोकळ आहेत.

आणि ‘फील’ राहिलाच! फेंडरच्या तारेची कंप पावणारी लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनची साधारण पाऊण इंच कमी. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर गिब्सनवर ताण कमी पडतो. सतारीवर मींड घेतो तशी तार आडवी ओढली की बोटाला लगेच कळतं. वाजवणारे सरळ म्हणतात, ‘हिची तार नरम लागते, तिची कडक.’ तुम्हीही तसंच लिहा.