रात्री अडीचचा गोळीबार
(ए-बी विंग ग्रुप, मंगळवार)

शोभाकाकू बी-३०२ (सकाळी ६:५२): काल रात्री अडीचला वरून गोळीबाराचे आवाज येत होते. मग कोणी बाई "सर, उठा सर" म्हणून किंचाळली. आमचे हे दचकून उठले ते पाचपर्यंत डोळा नाही. कोणाकडे काय चाललं होतं?

पाटील (सेक्रेटरी) ए-१०१: वॉचमनला विचारलं. खाली काही नव्हतं म्हणतो.

अनिकेत बी-४०२: काकू, सॉरी. आमचाच टीव्ही. मेघना माहेरी गेलीय. एक भाग बघून झोपणार होतो, एकाचे पाच झाले.

पाटील ए-१०१: दहानंतर टीव्ही हळू, हे मागच्या एजीएममध्ये ठरलंय. कृपया सहकार्य करावे.

शोभाकाकू बी-३०२: आवाजाचं सोड रे. तू सातच्या कंपनीच्या बसने जातोस ना? झोपतोस कधी?

अनिकेत बी-४०२: आज बस चुकली काकू. रिक्षाने हिंजवडीला चाललोय. सिग्नलला उभे आहोत, मीटरकडे बघवत नाही.

रश्मी ए-३०१: तू निदान काहीतरी बघितलंस तरी. आम्ही दोघं काल ताटं घेऊन बसलो आणि पाऊण तास नुसतं शोधत होतो. हे म्हणतात कॉमेडी, मी म्हणते काल तेच झालं. सात-आठ ट्रेलर बघितले. पोळ्या वातड झाल्या. शेवटी आधी दोनदा पाहिलेला सिनेमाच परत लावला आणि अर्ध्यात हे घोरायला लागले.

देशमुख काका ए-२०४: आमच्या वेळी हा घोळच नव्हता. जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊ. ७८ भाग संपायला दीड वर्ष लागलं. आज कोणी मांड ठोकून बसला तर आठवड्यात रावण मारून मोकळा होईल.

रश्मी ए-३०१: पण काका, तेव्हा तुम्ही सगळी कामं सोडून बसायचातच ना?

देशमुख काका ए-२०४: बसायचो. पण दहा-सव्वादहाला उठायचो. पुढचा भाग द्यायला दूरदर्शनकडेच नसायचा.

मृणाल ए-५०३: काकांनी नेमकं बोट ठेवलं. मी तीन वर्षं एका दैनंदिन मालिकेच्या लेखनाच्या टीममध्ये होते, म्हणून जरा लांब लिहिते.

अर्ध्या तासाच्या स्लॉटला भाग असतो बावीसेक मिनिटांचा. बाकी जाहिराती. प्रत्येक ब्रेकच्या आधी एक छोटा हुक आणि भागाच्या शेवटी मोठा. म्हणजे काय, तर दाराची बेल वाजते. सून दार उघडते. तिचा चेहरा पांढराफटक. आलेला माणूस दिसत नाही. फ्रीझ. दुसऱ्या दिवशी दारात असतो कुरिअरवाला! आम्ही हे मुद्दाम करायचो आणि करताना हसायचोसुद्धा. पोटापाण्याचा धंदा, त्यात लाज कसली. पण प्रेक्षकाला मध्ये एक अख्खा दिवस मिळायचा. तो झोपायचा, ऑफिसला जायचा, साहेबाची बोलणी खायचा. दारात कोण आलंय याची निम्मी हुरहुर तेवढ्यात उतरायची.

२०१३ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे तेराही भाग एकाच दिवशी टाकले. तसं करणारे ते एकटे राहिले नाहीत. हुक आमचाच, जुना. फक्त मधली रात्र काढून टाकली.

शोभाकाकू बी-३०२: आमची काढली खरी.

अनिकेत बी-४०२: हाहा. पण ताई, हे सगळं कळून उपयोग काय? पाचव्याच्या शेवटी सरांना गोळी लागते. तिथे कोण झोपेल?

मृणाल ए-५०३: कोणीच नाही. म्हणून तिथे थांबायचंच नाही. "हा भाग संपला की झोपतो" असं ठरवणारा रोज हरतो, कारण लिहिणाऱ्याने गळ बरोब्बर तिथेच टाकलेला असतो. सहावा सुरू होऊ द्यायचा. सर मेले की वाचले ते पहिल्या चार-पाच मिनिटांत कळतं. त्यानंतर गोष्ट जरा टेकते. कोणीतरी चहा करतं, कोणी गाडीत बसून कुठेतरी निघतं, नवं पात्र येऊन आपली ओळख सांगतं. आठव्या-दहाव्या मिनिटाला बंद. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. ॲपला जागा लक्षात असतेच.

अनिकेत बी-४०२: मध्येच? अर्ध्या ताटावरून उठल्यासारखं वाटेल.

मृणाल ए-५०३: भागाची हद्द आम्ही आखलेली आहे. तू कशाला पाळतोस?

पाटील ए-१०१: उद्या सकाळी १० ते १२ बी विंगची वरची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

रश्मी ए-३०१: मृणाल, तेवढं थांबायला तरी कुठे मिळतं? नावं सरकायला लागली की पाच सेकंदांत पुढचा भाग चालू. रिमोट आमच्या सोफ्याच्या फटीत असतो, तो सापडेपर्यंत खून झालेला असतो. शेवटी चिरंजीवांना विचारलं. नेटफ्लिक्स असेल तर ब्राउझरमधून अकाउंट उघडायचं, आपल्या प्रोफाइलमध्ये जायचं, तिथे प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप लावायची खूण असते ती काढायची. ट्रेलर आपोआप सुरू होतात त्याचीही खूण तिथेच. प्रत्येक प्रोफाइलला मात्र वेगळी काढावी लागते. दहावीतल्या मुलाने माझी काढून दिली, स्वतःची तशीच ठेवली. ते मला दोन दिवसांनी कळलं.

अनिकेत बी-४०२: नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये बोलूनच गेले होते, आमची स्पर्धा झोपेशी आहे म्हणून.

शोभाकाकू बी-३०२: मग जिंकले ते. आमच्या ह्यांची झोपही नेली. ह्यांनी तर पैसेसुद्धा भरले नव्हते!

पाटील ए-१०१: (सेक्रेटरी म्हणून नाही, वैयक्तिक.) टीव्हीच्या सेटिंगमध्ये स्लीप टायमर असतो. मी तासाचा लावतो. पण होतं काय, मी सोफ्यावरच झोपतो, टीव्ही बंद होतो आणि एकदम शांत झालं की मला खडबडून जाग येते. मग परत लावतो.

देशमुख काका ए-२०४: पैशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. बँकेत ३४ वर्षं काढली आणि तरी फसलो. गेल्या वर्षी क्रिकेटसाठी एक ॲप घेतलं, महिन्याचं. स्पर्धा संपली, मी विसरलो. परवा पासबुक छापून आणलं तर नऊ महिने दर महिन्याला पैसे वळते झालेले. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू आहे, असे पैसे आपोआप कापायच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं. मेसेज आलेही होते, खोटं कशाला बोलू. कर्ज घ्या, सोनं घ्या, फ्लॅट घ्या यांच्या गर्दीत मीच वाचले नाहीत. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते, तिथे कोणाकोणाला परवानगी दिलीय त्याची यादी दिसते. जाऊन बघा एकदा. मला तिथे अजून दोन सापडले.

आता आम्ही एका वेळी एकच ठेवतो. महिना संपला की ते बंद, वाटलं तर दुसरं. रश्मी, त्याने तुझी शोधाशोधही निम्मी होईल. चार दुकानं फिरलं की साडी लवकर मिळते असं थोडंच आहे?

रश्मी ए-३०१: साडीचं उदाहरण नको काका. पण फ्रिजवर कागद लावलाय आता. कोणी काही चांगलं सांगितलं की तिथे लिहायचं, जेवायला बसताना वरचं नाव लावायचं. वाद घालायचा तर दुपारी, भुकेल्या पोटी नाही. पहिलं नाव सासूबाईंनी लिहिलंय, तीन तास दहा मिनिटांचं. बघू.

लिमये आजी बी-१०१: मी बोलून टाइप करते आहे चुका असतील. तुम्ही सगळे वेळ वाया जातो म्हणता. माझा वेळ जातच नाही. दुपारी दोन ते चार मी बघते. मुलगा टोरांटोला आहे तो तिकडे तीच मालिका बघतो. रविवारी फोन आला की आम्ही त्यावरच बोलतो. आधी जेवलीस का गोळ्या घेतल्यास का इथे बोलणं संपायचं. आता तासभर चालतं. परवा तो म्हणाला आई तू त्या वकिलाची बाजू घेऊच नकोस. मी घेणार.

शोभाकाकू बी-३०२: घ्या आजी.

मृणाल ए-५०३: आजी, तुम्ही रोज दोनच तास बघता आणि मग आठवडाभर त्यावर विचार करता. असे प्रेक्षक मिळावेत म्हणून लेखक देव पाण्यात घालून बसतात. पाच भाग सलग बघणाऱ्याला सकाळी विचारा, तिसऱ्यात काय झालं. अनिकेत, सांग बघू.

अनिकेत बी-४०२: ... कोणीतरी पळून जातं.

(रात्री ११:४१)

अनिकेत बी-४०२: काकू, आज हेडफोन लावलेत. सहावा नऊ मिनिटं बघितला. नवीन इन्स्पेक्टरीण आली, पोहे खात बसली, तिथे बंद केला. चाललो झोपायला.

पाटील ए-१०१: धन्यवाद.

शोभाकाकू बी-३०२: शहाणा माझा. बरं, ते सर उठले का?

अनिकेत बी-४०२: काकू, त्याचं असं झालं की

मृणाल ए-५०३: इथे लिहू नकोस! मी संध्याकाळी सुरू केली. तिसऱ्यावर आहे.

रश्मी ए-३०१: मृणाल????

शोभाकाकू बी-३०२: अनिकेत, मला वेगळा मेसेज कर. हेही जागेच आहेत.